चूक त्याची, हप्ता आपला?

ताई,

आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आलो. दोघंही नोकरी करतो, दोन गाड्या आहेत. परवा पॉलिसीच्या नूतनीकरणाचे कागद आले आणि पहिल्यांदाच मी ते नीट वाचले. एका ओळीत ‘अनइन्शुअर्ड/अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट : रिजेक्टेड’ असं छापलंय. एजंटला फोन केला तर म्हणाला, पॉलिसी घेताना तुम्हीच नको म्हणून सही केलीत. आता हवं असेल तर दोन्ही गाड्यांचे मिळून सहा महिन्यांना ९२ डॉलर जास्त पडतील. आमची लायबिलिटी ३०/६०/२५ आहे. नवऱ्याचं म्हणणं, आपलं फुल कव्हरेज आहे, ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स आहे, आणि दुसऱ्याने इन्शुरन्स काढला नाही म्हणून आपण जास्तीचा हप्ता का भरायचा? त्याचं पटतंही आणि पटतही नाही. मार्चमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. काय करू?

— फ्रिस्कोहून एक वाचक

उत्तर आधीच देऊन टाकते: घ्या. पण ९२ डॉलरवालं नको. असं का, ते सांगायला थोडा वळसा घ्यावा लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा. शक्य असेल तर मिस्टरांनाही शेजारी बसवा.

त्यांचा राग मला अगदी कळतो. नियम मोडणारा मोकळा आणि नियम पाळणाऱ्याच्या माथी जादा हप्ता, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. खरंच आहे ते. पण टेक्सासच्या रस्त्यावर चोर पकडायचं काम आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढंच आहे की संन्याशाने अंगावर चिलखत घालावं की नाही.

आधी डोक्यातली एक गाठ सोडवू, कारण आपल्याकडून इथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात ती असते. पुण्यात तुमच्या गाडीची थर्ड पार्टी पॉलिसी होती ना? भारतात त्या पॉलिसीत समोरचा माणूस जखमी झाला किंवा दगावला तर भरपाईला वरची मर्यादा नसते. मोटार अपघात न्यायाधिकरण जो आकडा ठरवेल तो कंपनीला द्यावा लागतो. मर्यादा असते ती वस्तूंच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. त्यामुळे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं की समोरच्याकडे इन्शुरन्स आहे ना, मग काळजी मिटली. इथे मिटत नाही. इथे प्रत्येकाच्या पॉलिसीवर एक आकडा असतो आणि कंपनीची जबाबदारी त्या आकड्यापाशी संपते.

टेक्सासमध्ये कायद्याने लागणारा किमान आकडा तोच, जो तुमच्या पॉलिसीवर आहे. एका जखमी माणसाला जास्तीत जास्त ३०,००० डॉलर, अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ६०,०००, आणि गाड्या, कुंपणं, खांब वगैरेंना २५,०००. २०११ पासून हा आकडा तसूभर हललेला नाही. त्याच काळात हॉस्पिटलची बिलं कुठे पोचली हे तुम्हाला मी सांगायला नको. अँब्युलन्स, स्कॅन, एक शस्त्रक्रिया आणि दोन रात्री, एवढ्यात ३०,००० कधी उडून जातात कळतही नाही.

म्हणून तर त्या ओळीत दोन शब्द आहेत: अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड. एकाकडे इन्शुरन्सच नाही आणि दुसऱ्याकडे आहे, पण पुरत नाही. सगळ्यांचं लक्ष पहिल्या शब्दाकडे जातं. मला विचाराल तर दुसरा शब्द जास्त घाबरवणारा आहे, कारण किमान आकड्याची पॉलिसी घेऊन फिरणारा माणूस कायद्याने अगदी बरोबर असतो. त्याला पोलीस अडवणार नाहीत, नोटीस येणार नाही. तुम्ही स्वतः आज त्याच जातकुळीतल्या आहात, रागावू नका.

आता पहिला शब्द. इन्शुरन्स रिसर्च कौन्सिलच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये अमेरिकेत साधारण सात गाडीवाल्यांमागे एकाकडे इन्शुरन्स नव्हता. संध्याकाळी प्रेस्टन रोडच्या सिग्नलला उभ्या असाल तेव्हा आजूबाजूच्या गाड्या मोजून बघा. आणि इन्शुरन्स नसलेला माणूस गुंडच असतो असं नाही. पहिल्यांदा सापडला तर इथे दंड १७५ ते ३५० डॉलर. ज्याचं रेकॉर्ड खराब आहे त्याला हप्त्यापेक्षा हा दंड स्वस्त वाटतो, असा साधा हिशेब.

आमच्याच घरात घडलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही प्लेनोत कोइट रोडवर सिग्नलला उभे होतो. मागच्या सीटवर सासूबाई, मांडीवर उकडीच्या मोदकांचा स्टीलचा डबा. मागून एक पिकअप ट्रक आला आणि थांबायच्या ऐवजी आम्हाला येऊन भिडला. डबा उडाला, तो धरायला सासूबाईंनी हात पुढे केला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून मनगट मोडलं. ट्रकवाला विशी-बाविशीतला पोरगा, थरथर कापत होता. सारखं एकच म्हणत होता, पोलिसांना बोलवू नका, मी कॅश देतो. नळ स्टॉपला ‘काकू, इथेच मिटवून टाकू’ म्हणतात ना, तेच, फक्त इंग्रजीत. सासूबाईंना इतक्या दुखण्यातही त्याची दया आली. त्याने इन्शुरन्सचं कार्ड काढून दिलं. कार्ड खरं होतं, त्यावरची तारीखही संपलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच्या कंपनीला फोन केला तेव्हा कळलं की हप्ता न भरल्यामुळे पॉलिसी तीन आठवड्यांपूर्वीच बंद झाली होती.

सासूबाईंचा व्हिजिटर इन्शुरन्स आम्ही स्वस्तातला घेतला होता, ठरलेल्या रकमेचा. म्हणजे एक्स-रेला अमुक, सर्जनला तमुक, त्यावर एक पैसा नाही. बिल आणि ती रक्कम यांच्यामध्ये जी दरी होती ती आमच्या पॉलिसीतल्या त्या एका ओळीने भरली. तीही मी शहाणपणाने घेतलेली नव्हती. एका म्हाताऱ्या एजंटबाईंनी दटावून घ्यायला लावली होती.

‘मग कोर्टात खेचू की त्याला,’ असं मिस्टर म्हणतील. खेचा. टेक्सासच्या राज्यघटनेनुसार साध्या देण्यासाठी कुणाचा चालू पगार जप्त करता येत नाही. पोटगीसारखे थोडे अपवाद आहेत, पण अपघाताची भरपाई त्यात बसत नाही. राहतं घरही बहुतेक घेणेकऱ्यांपासून सुरक्षित. त्या पोराविरुद्ध लाखाचा निकाल मिळाला असता तरी फ्रेम करून भिंतीवर लावण्यापलीकडे आम्ही त्याचं काही करू शकलो नसतो.

आता ‘फुल कव्हरेज’. हे शब्द एजंटच्या तोंडात असतात, पॉलिसीच्या कागदावर नसतात. तुमचं डिक्लेरेशन पेज, ज्याला सगळे डेक पेज म्हणतात, ते समोर घ्या आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे पैसे कुणाला मिळणार? लायबिलिटी: समोरच्याला, तुमची चूक असेल तेव्हा. कोलिजन: टक्कर झाली तर तुमच्या गाडीच्या पत्र्याला. कॉम्प्रिहेन्सिव्ह: पुन्हा गाडीलाच, गारपीट किंवा चोरी झाली तर (डॅलसच्या गारा दोन वर्षांत पाहिल्याच असतील). पीआयपी (पर्सनल इंजरी प्रोटेक्शन) असेल तर ते तुम्हाला, चूक कुणाचीही असो, पण थोडंसं. दुसऱ्याच्या चुकीने तुमचं हाड मोडलं आणि त्याच्याकडे पैसे नाहीत, तर तुम्हाला देणारी मोठी ओळ एकच, आणि नेमकी तिच्यापुढेच तुमच्या पानावर ‘रिजेक्टेड’ आहे. गाडीला पूर्ण संरक्षण आणि आतल्या माणसांना जवळजवळ काही नाही, असं तुमचं आजचं फुल कव्हरेज.

हेल्थ इन्शुरन्सबद्दल मिस्टर अर्धे बरोबर आहेत. तुमची दोघांची मोठी बिलं त्यातून जातील, डिडक्टिबल (आधी आपण भरायची रक्कम) आणि पुढचा तुमचा वाटा, वर्षाच्या कमाल मर्यादेपर्यंत, तुमच्या खिशातून. पण हेल्थ इन्शुरन्स बुडालेला पगार देत नाही. सहा महिने खांदा वर जात नाही म्हणून झालेल्या यातनांचं, कायमच्या अधूपणाचं काही देत नाही. यूएम कव्हरेज, म्हणजे तीच अनइन्शुअर्ड/अंडरइन्शुअर्ड मोटरिस्टची ओळ, या सगळ्याचा हिशेब धरतं. आणि तो हेल्थ इन्शुरन्स आई-बाबांचा नाही, हे तर उघडच आहे.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण मिस्टरांच्या बाजूने. यूएममध्येही दोन भाग असतात, एक शरीराच्या इजेचा आणि एक गाडीच्या नुकसानीचा. तुमच्याकडे कोलिजन आहे, त्यामुळे दुसरा भाग बराचसा दुहेरी होतो. त्याचा फायदा एवढाच की टेक्सासमध्ये त्याचा डिडक्टिबल २५० डॉलर असतो, तुमच्या कोलिजनचा बहुधा ५०० किंवा १,०००, आणि भाड्याच्या गाडीचा खर्चही त्यात बसतो. एजंटकडून या भागाचा आकडा वेगळा काढून घ्या. काटकसर करायचीच असेल तर ती इथे करा, पहिल्या भागावर नको.

आता ते ९२ डॉलर. एजंटने सांगितलेलं यूएम ३०/६० चंच असणार, कारण यूएमची मर्यादा तुमच्या स्वतःच्या लायबिलिटीच्या वर जात नाही. दोन वर्षांपूर्वी आलात तेव्हा इथला ड्रायव्हिंगचा इतिहास शून्य, हप्ता ऐकून डोळे पांढरे झाले असतील, म्हणून सगळ्यात खालचा आकडा घेतला. तेव्हा ते ठीक होतं. आज दोन पगार आहेत, उद्या घर घ्याल. चूक तुमची झाली तर ३०,००० च्या वरचं सगळं तुमच्या अंगावर येईल, आणि त्या पोरासारखं ‘माझ्याकडे काहीच नाही’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही. म्हणून लायबिलिटी १००/३००/१०० करा आणि यूएम तेवढंच, १००/३००, मागा. ९२ चे दोनशे-अडीचशे होतील, कदाचित जास्त. त्यातले काही डॉलर कोलिजनचा डिडक्टिबल वाढवून परत मिळवा. पत्र्याचे हजार डॉलर खिशातून देता येतात, मणक्याचे लाख नाही. शिवाय दुसऱ्या दोन कंपन्यांकडून याच आकड्यांचे दर मागवा. दोन वर्षांचा स्वच्छ इतिहास आता तुमच्याजवळ आहे, पहिल्या कंपनीला तो आपणहून आठवेलच असं नाही.

वरचा आकडा घेतल्याने काय होतं ते बघा. समजा अपघातात तुमचं एकूण नुकसान १,२०,००० डॉलर ठरलं. समोरच्याकडे किमान पॉलिसी, त्याच्या कंपनीने ३०,००० दिले. उरले ९०,०००. तुमचं यूएम १,००,००० चं असेल तर टेक्सासमध्ये ते ९०,००० तुमच्या कंपनीकडून मागता येतात, कारण समोरून आलेले पैसे तुमच्या एकूण नुकसानीतून वजा होतात, तुमच्या मर्यादेतून नाही. १९८९ पासून टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. कॅलिफोर्नियात हेच गणित उलटं: तिथे तुमच्या १,००,००० मधून ३०,००० वजा होऊन हाती ७०,००० च राहतात. न्यू जर्सीत तर स्टँडर्ड पॉलिसीत अनइन्शुअर्ड मोटरिस्टचं किमान कव्हरेज घ्यावंच लागतं, नाकारायची सोयच नाही. त्यामुळे एडिसनच्या मावशीने किंवा सॅन होजेच्या मित्राने सांगितलेलं जसंच्या तसं इथे लावू नका. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा.

टेक्सासच्या कव्हरेजलाही खाचखळगे आहेत, तेही सांगते. नंतर ‘ताईंनी सांगितलं नाही’ असं नको.

पळून गेलेल्या, कोण ते न कळलेल्या गाडीसाठी पैसे हवे असतील तर त्या गाडीचा तुमच्या गाडीला किंवा तुम्हाला प्रत्यक्ष स्पर्श झालेला असला पाहिजे. कायद्यातच तसं लिहिलंय. १२१ नंबरच्या हायवेवर एखादा ट्रक झपकन लेनमध्ये घुसला, तुम्ही वाचायला बाजूला वळलात आणि कठड्यावर आपटलात, ट्रक निघून गेला, तर यूएमचे पैसे नाहीत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला होता. अनोळखी ट्रकवरून रस्त्यावर फर्निचर सांडलं आणि त्यामुळे पुढे अपघात झाला. तिथेही स्पर्श नाही म्हणून पैसे नाहीत. या अटीवर उपाय एकच, पळणारा अनोळखी राहू द्यायचा नाही. डॅशकॅम बसवा. नंबर मिळाला, मालक सापडला, की स्पर्शाची अट उरत नाही. आणि कितीही दया आली तरी पोलिसांना बोलवा. आमचा पोलीस रिपोर्ट नसता तर तो ट्रक तिथे होता हे सिद्ध करतानाच आमची दमछाक झाली असती.

दुसरं, समोरच्याची कंपनी चेक पुढे करून ‘आता तक्रार मिटली’ असं लिहून मागते. त्यावर सही करण्याआधी आपल्या कंपनीची लेखी परवानगी घ्या. न विचारता मिटवलंत तर आपली कंपनी उरलेल्या पैशांच्या वेळी तेवढंच कारण पुढे करून वाद घालते.

तिसरं ऐकून मिस्टर खूश होतील, पण सांगायलाच हवं. २००६ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की समोरच्याची चूक आणि तुमच्या नुकसानीचा आकडा कोर्टाच्या निकालाने ठरेपर्यंत, तुमच्या कंपनीवर यूएमचे पैसे देण्याची करारानुसार सक्ती नाही. म्हणजे वर्षानुवर्षं जिला हप्ता दिला तीच कंपनी त्या दिवसापासून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसते. पुष्कळ प्रकरणं कोर्टाबाहेर मिटतात, आमचंही मिटलं, पण चौदा महिने लागले, आणि अ‍ॅडजस्टरने, म्हणजे कंपनीच्या दावे तपासणाऱ्या माणसाने, सासूबाईंच्या जुन्या संधिवाताचे भारतातले कागद मागितले. दाखवले. मनगट संधिवाताने मोडत नाही हे त्याला शेवटी पटलं. मोठी इजा असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

एवढं असूनही मी घ्या म्हणते, कारण भांडायला निदान समोर पैसेवाला कुणीतरी असतो.

आई-बाबांचं. तुमच्या गाडीत बसलेले असताना ते प्रवासी म्हणून तुमच्या यूएममध्ये येतात, व्हिसा कुठला याचा संबंध नाही. पायी असताना मात्र गोष्ट थोडी वेगळी. तुम्ही दोघं चालत, सायकलवर, दुसऱ्याच्या गाडीत, कुठेही असलात तरी तुमचं यूएम तुमच्याबरोबर असतं. नातेवाइकांना हे मिळतं ते तुमच्या घरात ‘राहणारे’ असतील तर. सहा महिन्यांचा पाहुणा राहणारा की पाहुणा, यावर वाद होऊ शकतो. आणि बाबा सकाळी फिरायला जाणारच, फ्रिस्कोत फुटपाथ अचानक संपतो तिथेही जाणार. एजंटला हा प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा, फोनवरच्या ‘येस मॅम’ला किंमत नाही. व्हिजिटर इन्शुरन्सही ठरलेल्या रकमेचा नको, पूर्ण बिलाच्या टक्केवारीने देणारा बघा. तिथे मी कंजूषपणा केला होता.

पीआयपीची ओळही तपासा. टेक्सासमध्ये किमान २,५०० डॉलरचं पीआयपी कंपनीला द्यावंच लागतं, तुम्ही लेखी नाकारलं नसेल तर. आणि ज्या दिवशी यूएम नाकारलंत त्याच दिवशी, त्याच बसल्या बैठकीला, हेही नाकारलं असण्याची दाट शक्यता आहे. फोनवर एकामागोमाग ‘इथे सही करा’चे पिवळे बाण येतात, आपण अंगठा टेकवत जातो, झालं. ती अंगठ्याची सहीही सहीच असते. आणि एकदा लेखी नाकारलं की तीच कंपनी नूतनीकरणाला तुम्हाला पुन्हा विचारायला बांधील नसते. म्हणून दोन वर्षं कुणी विचारलं नाही, आणि तुम्ही कागद वाचले नसते तर दहा वर्षंही विचारलं नसतं.

तेव्हा आज संध्याकाळी एजंटला चार ओळींचा मेल टाका: लायबिलिटी १००/३००/१००, यूएम-यूआयएम (अनइन्शुअर्ड-अंडरइन्शुअर्ड) इजेसाठी १००/३००, गाडीच्या भागाचा आणि पीआयपीचा दर वेगळा सांगा, आणि आधीची नकाराची सही मी मागे घेत आहे. कुठल्या तारखेपासून लागू, तेही लेखी मागा. नवीन डेक पेज आलं की त्या ओळीवर बोट ठेवून बघा, ‘रिजेक्टेड’च्या जागी आकडा आहे ना. आई-बाबांचं विमान डीएफडब्ल्यूला उतरायच्या आधी ते पान तुमच्या हातात हवं, कारण विमानतळावरून घरी येतानाच ते तुमच्या मागच्या सीटवर असणार आहेत, मांडीवर बहुधा एखादा डबा घेऊन.